किती देते?

अक्कलकोट रोडला, टायरच्या दुकानाशेजारी,
पत्र्याखाली माझ्या चौदा गाड्या उभ्या असतात.
चौदाच्या चौदा कुणीतरी सोडलेल्या.
रोज सकाळी मी त्या ओल्या फडक्याने पुसतो,
फडकं म्हणजे टॉवेलच, काठ फसलेला, सेकंड माल.
सोलापुरात फडकं विकत घेत नाही कुणी.

पूर्वी गिऱ्हाईक आधी रंग बघायचं,
हॉर्न वाजवायचं,
आरशात स्वतःचा भांग.
मग भाव शंभराला शिवला.
कोपऱ्यावरच्या पंपाच्या जुन्या यंत्राला
तिसरा आकडा दाखवता येईना,
तर पोऱ्यानं पुठ्ठ्यावर खडूनं एक काढला
आणि आकड्यांच्या डावीकडं चिकटवून दिला.
तो पुठ्ठा बघून मी घरी येऊन म्हटलं,
आता माणसं वेगळं विचारणार.

विचारलंच.
रंग नाही, मॉडेल नाही, कागद नाहीत,
सीटवर हात ठेवायच्या आत :
किती देते?
गाडी नव्हे, बाजारातली म्हैसच जणू.
मी म्हणायचो, पंचावन्न.
ते म्हणायचे, खरं सांग बे.
मी म्हणायचो, अठ्ठेचाळीस,
एकटा बसलास तर,
वारा मागून असला तर.

अंबादास गज्जम आला, टॉवेलचे गठ्ठे पोचवणारा.
त्याच्या गाडीचा आवाज असा
की गल्लीच्या तोंडाशी आली
की आत बायको चहा टाकायची.
अठ्ठावीस द्यायची.
टाकीवर थाप मारून म्हणाला,
"मी सोडून पाच वर्षं झाली मल्लूशेठ,
हिची काय सुटंना."
पासष्ट देणारी घेऊन गेला,
सडपातळ, शिलाई मशीनसारखी कुरकुरणारी.

सहा महिन्यांनी हवा भरताना भेटला.
वाचतात का पैसे, मी विचारलं.
"कुठलं हो. आधी वळसंगपर्यंत जायचो,
आता परवडतंय म्हणून दुधनीच्या पुढं जायलोय.
पेट्रोल तेवढंच लागतंय.
पाठ तेवढी जास्त दुखायलीय."

त्याची जुनी माझ्याकडंच राहिली.
पुठ्ठ्यावरचा खडू पुसला जायचा,
पोरगा परत गिरवायचा,
आणि दर गिरवण्याला मी हिची किंमत
हजारानं खाली आणायचो.
मधे भाव दोन रुपयांनी उतरलाही,
पण हिच्याकडं कुणी मान वळवली नाही.
चढलेला भाव माणसाच्या अंगात राहतो,
ताप गेल्यावर तोंडाला राहते तशी कडू चव.

शेवटी श्रीशैल आला.
आई नागम्मा विड्या वळते,
हा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला.
खिशात नऊ हजार, रबर लावलेले,
नोटांना तंबाखूचा वास.
आधी पासष्टवाली बघितली.
बेचाळीस हजार.
मग अठ्ठावीसवाली.
नऊ हजार.
कमी पिणारी महाग, जास्त पिणारी स्वस्त,
ज्याच्याकडं पेट्रोलला पैसा नाही
त्याच्याच दारात मी तहान पाठवतो,
हा धंदा असाच आहे, मी केलेला नाही,
पण पावती माझ्या अक्षरातली.

त्यानंही विचारलं, किती देते?
आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच झटक्याला
मी खरं सांगितलं.
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला,
पाळीचे दिवस असतील,
किंवा आईचे विड्यांचे हजार.
मग म्हणाला, "पुढचं पुढं बघू",
आणि किक मारली.

माझा मुलगा विजापूर रोडच्या शोरूमला लागलाय.
बॅटरीच्या स्कूटर विकतो.
म्हणतो, पप्पा, आवाजच नाही हो हिला.
तिथंही माणसं तेच विचारतात म्हणे,
फक्त लिटरच्या जागी चार्जिंग म्हणतात.
मी ऐकून घेतो.

रात्री साडेअकराला पाळी सुटते.
सिग्नलला श्रीशैल इंजिन बंद करतो,
हिरवा लागेपर्यंत पायानं ढकलत राहतो,
मग सुरू करतो, ढगढगढग,
अंबादासच्या गल्लीच्या तोंडावरून पुढं जातो.
अंबादास अजून दुधनीच्या पलीकडंच असतो.
आत त्याची बायको उठते,
झोपेतच,
आणि चहा टाकते.